शिखर ठरवण्याआधी रात्री मोजा

पत्र थोडक्यात: नाशिकच्या एका वाचक मैत्रिणीचा प्रश्न. वय ३४, नोकरी, सात वर्षांची मुलगी. दहा वर्षं सह्याद्रीत भटकंती. हरिहर, अलंग-मदन-कुलंग झालेलं, कळसूबाई कितीदा ते मोजलेलं नाही. १० किलोमीटर तासाभरात धावतात. हिमालयातला अनुभव एकच, दोन वर्षांपूर्वीचा सार पास (हिमाचलमधली खिंड). तिथे वरच्या मुक्कामावर 'उन्हामुळे' डोकं दुखलं, रात्री जेवण गेलं नाही, बाकी सगळं छान झालं. आता येत्या जुलैत लडाखमधलं कांग यात्से २ (सुमारे ६,२५० मीटर) करायचं आहे. एका आयोजकाने लेह ते लेह नऊ दिवसांचा कार्यक्रम पाठवला आहे: दोन रात्री लेहमध्ये, तिसरी चोकदोला, चौथी निमालिंगला, पाचव्या दिवशी बेस कॅम्प, सहाव्या दिवशी सराव, सातव्या दिवशी शिखर, आठव्या दिवशी लेह, नवव्या दिवशी विमान. 'पूर्वानुभव नको, फक्त फिटनेस हवा' असं वर लिहिलं आहे. रजा दहा दिवसांचीच मिळेल, त्यामुळे गिर्यारोहणाचा महिनाभराचा बेसिक कोर्स जमणार नाही. सासूबाईंचा विरोध आहे. त्या विचारतात: माझा फिटनेस पुरेल ना? कोर्स न करता गेलं तर चालेल का? आणि सहा हजारांच्या खालचं शिखर करून उपयोग काय? सगळ्यांना सांगून बसले आहे, अर्ध्यातून परतले तर काय तोंड दाखवू?

उत्तर:

तुमच्या पत्रात फिटनेसबद्दल भरभरून लिहिलं आहे, पण कुठल्या रात्री किती उंचीवर झोपणार याबद्दल तुम्ही एकही प्रश्न विचारलेला नाही. मोठ्या उंचीवर पहिल्यांदा जाणाऱ्या बहुतेकांचं असंच होतं. पाय किती दमदार आहेत याची काळजी आपण घरी बसून घेऊ शकतो, म्हणून ती घेतो. शरीर विरळ हवेशी किती दिवसांत जुळवून घेईल हे मात्र घरी बसून कळत नाही, म्हणून तो विषय आयोजकावर सोडून देतो. तुमच्या बाबतीत सगळं अडलं आहे ते इथेच.

लेहची उंची साधारण ३,५०० मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास दोन तृतीयांश असतो. ५,५०० मीटरवर तो निम्मा होतो, आणि तुमच्या शिखरावर निम्म्याहूनही कमी. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेवढंच, २१ टक्के. पण दाब कमी असल्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन कमी. शरीर याला उत्तर देतं ते टप्प्याटप्प्याने. श्वास पहिल्या काही तासांतच जोरात होऊ लागतो. जास्त श्वासामुळे रक्ताचं रसायन बिघडतं, ते मूत्रपिंडं दोन-चार दिवसांत सावरतात. तांबड्या पेशी वाढायला आठवडे लागतात. यातलं काहीही धावण्याने लवकर होत नाही. उलट दमदार माणूस पहिल्या दिवशी भराभर चढतो, सॅक उचलून मदत करतो आणि तिसऱ्या रात्री तंबूत आडवा पडतो. फिटनेस असला की वर जाऊन काम करता येतं. वर सुखरूप राहता येईल याची हमी तो देत नाही.

आता सार पासची ती डोकेदुखी. उंचीवर नव्याने पोचल्यावर डोकं दुखणं आणि जोडीला अन्नावरची वासना जाणं, मळमळ, गळून जाणं किंवा चक्कर, याला दुसरं कारण सापडेपर्यंत उंचीचा त्रासच समजायचं असतं. ते ऊन नसावं. यात घाबरण्यासारखं काही नाही आणि कमीपणाही नाही, पण ही माहिती फार मोलाची आहे. ज्याला एकदा असा त्रास झाला त्याला तशाच वेगाने वर गेल्यास पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते. डॉक्टरांना आणि आयोजकाला ही गोष्ट लेखी कळवा, उन्हावर ढकलू नका.

हे लक्षात ठेवून त्या नऊ दिवसांच्या कार्यक्रमाकडे बघा. सर्वसाधारण नियम असा: ३,००० मीटरच्या वर एका रात्रीतून दुसऱ्या रात्रीत झोपण्याची उंची ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच उंचीवर काढावी. दिवसा कितीही वर जाऊन या, हिशोब झोपण्याच्या जागेचा. तुमच्या कार्यक्रमात लेहच्या ३,५०० वरून तिसऱ्या रात्री चोकदोला सुमारे ४,००० मीटर, तिथून पाच हजारांहून उंच कोंगमारू ला ही खिंड ओलांडून चौथ्या रात्री निमालिंगला सुमारे ४,८००. एका रात्रीत ८०० मीटरची उडी, तीही विमानाने येऊन चौथ्याच रात्री. पाचव्या रात्री तुम्ही पाच हजारांच्या वर झोपणार आणि त्यानंतर दोन दिवसांत जवळपास १,२०० मीटरचा सलग चढ. शिवाय चोकदोच्या बाजूने आत गेलात की निमालिंगला त्रास सुरू झाल्यास परतीच्या वाटेवर आधी पुन्हा तो खिंडीचा चढ लागतो. आजारी माणसाला खाली न्यायचं असतं, आणि इथे आल्या वाटेने खाली जायला आधी वर जावं लागतं. या आखणीत दिवस वाचले आहेत ते सगळे शरीराच्या वाट्याचे. राखीव दिवस तर एकही नाही.

चांगली गोष्ट अशी की तुमच्या दहा दिवसांच्या रजेत याहून बरी आखणी बसते. दहा रजा आणि तीन शनिवार-रविवार मिळून सोळा दिवस होतात. शुक्रवारी संध्याकाळी नाशिक सोडा, शनिवारी लेह. शनिवार, रविवार, सोमवार तीन रात्री लेहमध्ये. पहिले दोन दिवस बाजारापलीकडे कुठे फिरायचं नाही आणि खारदुंग ला ही उंच खिंड बघायला तर मुळीच जायचं नाही. मग मारखा खोऱ्याने आत शिरा: मंगळवारी स्क्यू (३,४०० च्या आसपास), बुधवारी मारखा (३,८००), गुरुवारी हंकार (४,०००), शुक्रवारी थाचुंगत्से (४,२००), शनिवारी निमालिंग. ही शेवटची उडी सहाशे मीटरची, म्हणजे नियमापेक्षा जास्तच. म्हणून रविवारची रात्रही निमालिंगलाच. त्या रविवारी कोंगमारू लापर्यंत सावकाश चढून परत मुक्कामाला यायचं. सोमवारी बेस कॅम्प, मंगळवारी बर्फावरचा सराव, त्याच रात्री शिखराकडे. बुधवारी परत बेस कॅम्प, गुरुवार राखीव, शुक्रवारी बाहेर पडून लेह, शनिवारी विमान, रविवार घरी. हळूहळू चढत जाणारी ही वाट लांब आहे, पहिले चार दिवस कंटाळवाण्याही वाटतील, पण शिखराची तयारी त्या चार दिवसांतच होते. आयोजक या वाटेने न्यायला तयार नसेल तर दुसरा शोधा. मारखा खोऱ्यातून कांग यात्से करणारे गट असतात.

एवढं करूनही माझं मत विचारलंत तर या जुलैत कांग यात्से २ हे तुमचं पहिलं शिखर असू नये. कारण उंची नव्हे, बर्फ. पत्रात बर्फाच्या उताराचा अनुभव कुठेच दिसत नाही. लेहजवळचं स्टोक कांगरी २०२० पासून चढाईसाठी बंद झाल्यावर सहा हजारी शिखर शोधणाऱ्या नवख्यांचा ओघ कांग यात्से २ कडे वळला आणि ते शिखर 'ट्रेकिंग पीक' म्हणून विकलं जाऊ लागलं. वरचा उतार मात्र क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे धातूचे काटे), आइस ॲक्स (बर्फाची कुऱ्हाड) आणि दोर लावून चढण्याचाच आहे. आदल्या दिवशी दोन तासांचा सराव करून रात्री बारा वाजता, उणे तापमानात, दमलेल्या मेंदूने तेच तंत्र वापरायचं, ही अपेक्षा जास्त आहे. हरिहरच्या कातळपायऱ्यांवर तुम्हाला दृष्टिभय वाटत नाही, हे बळ खरंच कामाला येईल. पण कातळावर हात धरायला खोबणी असते. टणक बर्फाच्या उतारावर पाय सुटला की पहिल्या एक-दोन सेकंदांत शरीर आपोआप पालथं होऊन ॲक्सचं टोक बर्फात रुतलं पाहिजे. वेग एकदा धरला की मग थांबता येत नाही. याला सेल्फ अरेस्ट म्हणतात आणि ते विचार करून जमत नाही. सुरक्षित उतारावर, खाली मोकळा सपाट बर्फ असताना, पाठीवर, पोटावर, डोकं खाली अशा प्रत्येक स्थितीतून वीस-तीस वेळा घसरून केलं तरच अंगात मुरतं.

कोर्सबद्दल. उत्तरकाशीची नेहरू पर्वतारोहण संस्था, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट, मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था, पहलगामची जवाहर संस्था, या ठिकाणचे बेसिक कोर्स साधारण चार आठवड्यांचे असतात. दोर, गाठी, कातळ, बर्फ, हिमनदी, सगळं शिस्तीत शिकवलं जातं आणि बाहेरच्या मानाने शुल्क कमी असतं. याला तोड नाही. जागा मात्र काही महिने आधीच भरतात आणि वयाची अट असते, म्हणून 'पुढे कधीतरी' म्हणत राहू नका. ३४ व्या वर्षी हा विचार करण्यात अर्थ आहे. पुढच्या वर्षीच्या साठलेल्या रजेतून चार आठवडे जमतील का, एवढं तरी कार्यालयात विचारून ठेवा.

ते जमेपर्यंत मधला रस्ता आहे. मनालीजवळचं फ्रेंडशिप पीक, ५,२८९ मीटर. मे-जूनमध्ये बर्फ बऱ्याच खालपर्यंत उतरलेला असतो, म्हणून सराव आदल्या दिवसापुरता उरत नाही. सोलंगच्या वरून चालत सुरुवात होते, त्यामुळे उंची पायांनी मिळवावी लागते. लेहला विमानाने थेट साडेतीन हजारांवर उतरता, तसं नाही. आठ-नऊ दिवसांचा कार्यक्रम निवडा, त्यात बर्फ-सरावाला दोन पूर्ण दिवस हवेत. यंदा हे, आणि कांग यात्से पुढच्या जुलैत, सोळा दिवसांचं. मला हा क्रम सगळ्यांत योग्य वाटतो.

इथे तुमचा 'सहा हजारांच्या खाली उपयोग काय' हा प्रश्न येतो. लाहौलच्या बाजूला युनाम नावाचं शिखर आहे, ६,१११ मीटर. वाट बहुतेक घसाऱ्याची, हंगामात बर्फाचं तंत्र फारसं लागत नाही. आकडा सहा हजारांच्या वरचा. पण भरतपूरचा मुक्काम सुमारे ४,७०० मीटरवर आणि तिथपर्यंत गाडी जाते. मनालीहून दोन-तीन दिवसांत माणूस गाडीत बसून तिथे पोचतो आणि त्या रात्री फार आजारी पडतो. म्हणजे 'सोप्या' शिखरावर उंचीचा धोका जास्त आणि 'छोट्या' शिखरावर बर्फाचं शिक्षण जास्त. आकड्यावरून यातलं काहीच कळत नाही. आकडा सांगायला सोपा जातो म्हणून तो महत्त्वाचा वाटतो. तुम्हाला खरोखर काय हवं आहे, वर गेल्याचं सांगणं की तिथे स्वतःच्या पायांवर, समजून-उमजून वावरता येणं? पत्रातला उत्साह वाचून मला दुसरं वाटतं.

कुठलंही शिखर धरा, तयारी तीच. आता डिसेंबर आहे. जुलै धरला तर २८ आठवडे हातात आहेत, फ्रेंडशिपसाठी जूनची सुरुवात धरली तर २४.

तासाभरात १० किलोमीटर चांगलंच आहे, पण सपाटीवरचा वेग तिथे लागत नाही. लागतो तो तासन्‌तास न थांबता, पाठीवर ओझं घेऊन, कमी दमात चढत राहण्याचा दमसास. त्यासाठी पहिले आठ आठवडे मुद्दाम हळू व्हा. आठवड्यातले चार दिवस ४५ ते ७५ मिनिटं अशा गतीने चाला किंवा धावा की पूर्ण वाक्य बोलता येईल आणि शक्यतो नाकाने श्वास घेता येईल. ही गती सुरुवातीला अपमानास्पद वाटते. धावणारे नेमके इथे चुकतात: रोज मध्यम-जोरात धावतात, ना पाया पक्का होतो ना विश्रांती मिळते. दोन दिवस पायांची ताकद: गुडघ्याएवढ्या उंच पायरीवर स्टेप-अप, त्याच पायरीवरून तीन सेकंद घेत सावकाश उतरणं, लंजेस, पोटऱ्या, प्लँक. सावकाश उतरण्याचा व्यायाम टाळू नका. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात, आणि शिखरावरून परतताना गुडघे थरथरतात ते याच्या अभावी. पाय थरथरले की क्रॅम्पॉन दुसऱ्या पायाच्या पँटमध्ये अडकतो आणि घसरण होते.

नवव्या आठवड्यापासून ओझं. पाच किलोने सुरुवात, दर दोन आठवड्यांनी एक-दीड किलो वाढवत १२ किलोपर्यंत. ओझं म्हणून पाण्याच्या बाटल्या घ्या: वर नेऊन पाणी ओतून टाकलं की उतरताना गुडघ्यांवर ताण येत नाही. शेवटच्या सहा आठवड्यांत मात्र ओझ्यासकट उतरायची सवय करा. मोजमाप किलोमीटरमध्ये नको, चढलेल्या मीटरमध्ये ठेवा. मजला साधारण तीन मीटरचा, म्हणजे दहा मजली इमारत दहा वेळा चढलं की ३०० मीटर झाले. मधल्या वारी ऑफिसनंतर हे जमेल, पांडवलेण्यांच्या पायऱ्या आहेतच. रविवारी अंजनेरी, ब्रह्मगिरी, महिन्यातून दोनदा कळसूबाई. मेच्या मध्यावर तुमची कसोटी अशी: १० ते १२ किलो घेऊन ताशी ३०० मीटरच्या गतीने, लांब विश्रांती न घेता, सलग दोन दिवस रोज १,२०० मीटर चढ; आणि तिसऱ्या दिवशी ऑफिसचा जिना कण्हत न चढता येणं. कळसूबाईचा माथा गाठून निम्म्यापर्यंत उतरून पुन्हा चढलात की एका दिवसाचं काम जवळपास होतं. वर गेल्यावर हीच गती निम्म्याहून खाली येईल. पंधराशे मीटरच्या वर दर हजार मीटरला शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता साधारण दहा टक्क्यांनी घटते. शिखराच्या रात्री तुम्ही ताशी १२० ते १५० मीटर चढलात तरी उत्तम, म्हणजे बाराशे मीटरला आठ ते दहा तास.

दर चौथा आठवडा निम्म्या व्यायामाचा. शेवटचे दहा-बारा दिवस जवळपास आराम. त्याच काळात ऑफिसातल्या आणि मुलीच्या शाळेतल्या सर्दीपासून जपा. छातीत कफ असताना उंचीवर गेल्यास फुप्फुसात पाणी भरण्याचा धोका वाढतो. खोकला असेल तर तारीख पुढे ढकला, पैसे गेले तरी. पाऊस सुरू झाला की निसरड्या वाटांवर घोटा मुरगळून घेऊ नका, जून जिन्यावर काढा.

तपासण्या आत्ताच करा, मे महिन्यात नको. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (लोहाच्या साठ्याची तपासणी) दोन्ही. तांबड्या पेशी वाढवायला शरीराला लोहाचा साठा लागतो, पाळीमुळे बायकांमध्ये तो बरेचदा कमी असतो, आणि भरून यायला तीन-चार महिने जातात. रक्तदाब, ईसीजी, आणि दातांचा डॉक्टर. किडलेला दात उंचीवर नेमका रात्री ठणकतो. सणावारी पाळी पुढे ढकलायला घेतात त्या हार्मोनच्या गोळ्या मनाने घेऊ नका. अशा गोळ्यांनी रक्तात गुठळी होण्याची शक्यता वाढू शकते, आणि उंची, कमी पाणी व तंबूत पडून राहणं यांनी ती आणखी वाढते. स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला, नाहीतर पाळीची तयारी ठेवून जा. पॅड असोत वा कप, सवय घरी करायची. रात्री तंबूबाहेर जायचं नको म्हणून बायका पाणी कमी पितात आणि त्यातून सगळं बिघडतं. रुंद तोंडाची वेगळी बाटली आणि उभ्याने लघवीसाठी मिळणारं नरसाळं, याचाही सराव घरीच.

ॲसिटाझोलामाइड, म्हणजे बाजारातलं डायमॉक्स, तुमच्यासारख्या पूर्वी त्रास झालेल्या व्यक्तीला डॉक्टर बहुधा सुचवतील. प्रतिबंधासाठी मोठ्यांना साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, वर जाण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते. हे आधी माहीत असावं म्हणून घरी दोन दिवस घेऊन बघायची परवानगी डॉक्टरांकडून घ्या. ही गोळी लक्षणं झाकत नाही, शरीराचं जुळवून घेणं लवकर करते. पण आठशे मीटरची उडी तिने सुरक्षित होत नाही. झोपेच्या गोळ्या आणि दारू वर्ज्य. रात्री श्वास थांबून-थांबून येतो आणि दचकून जाग येते, त्याने घाबरू नका. उंचीवर ते नेहमीचं आहे.

घाबरायचं कधी, हे तुमच्या तंबूतल्या सोबतिणीलाही पाठ असू द्या. डोकेदुखी असताना आणखी वर झोपायला जायचं नाही, तिथेच थांबायचं. थांबूनही वाढत असेल तर खाली. सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून दहा पावलं चालता येत नसेल, बोलणं असंबद्ध होत असेल, तर मेंदूला सूज आली आहे. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला वाढत असेल, कालपर्यंत पुढे असलेला माणूस अचानक मागे पडत असेल, तर फुप्फुसात पाणी भरत आहे. अशा वेळी सकाळची वाट बघायची नाही. त्याच क्षणी, सोबत माणूस देऊन, किमान पाचशे ते हजार मीटर खाली. ऑक्सिजन आणि डेक्सामेथासोन, निफेडिपिनसारखी औषधं गाइडकडे असावीत, ती खाली उतरायला मदत म्हणून. उतरणं रद्द करायला नाही. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. थंड बोटावर तो काहीही दाखवतो, आणि पाच हजारांवर ८० ते ८५ आकडा पुष्कळांचा असतो. आकडा चांगला पण माणूस लटपटतोय, तर माणसावर विश्वास ठेवा.

सामानाबद्दल थोडंच. बर्फाचे बूट, क्रॅम्पॉन, ॲक्स, हार्नेस (दोर अडकवायचा कंबरपट्टा) भाड्याने घ्या. बूट दोन मोजे घालून, नाडी बांधून दुकानातच अर्धा तास वापरा. उतारावर उभं राहून अंगठा पुढे आपटत नाही ना आणि चालताना टाच उचलली जात नाही ना, हे बघा. क्रॅम्पॉन त्याच बुटावर चढवून जोरात झटका. हलला तर बदला. खालच्या बर्फाचे गोळे चिकटू नयेत म्हणून तळाला प्लास्टिकची पट्टी हवी. विकत घ्यायचं ते अंगाला लागणारं: लोकरीचे किंवा सिंथेटिक बेस लेयर, म्हणजे अंगालगतचे कपडे (सुती बनियनही नको, घामाने भिजून गारठवतं), मोजे, पातळ आणि वर जाड असे दोन थरांचे हातमोजे, हेडलॅम्प व आतल्या खिशात ठेवलेल्या जादा बॅटऱ्या, आणि कॅटेगरी ४ चा, म्हणजे सगळ्यांत गडद काचेचा, बाजू झाकणारा गॉगल. साध्या गॉगलने ताज्या बर्फावर काही तासांत डोळे भाजतात. दोन दिवस उघडत नाहीत.

शिखराच्या रात्री बारा-एकला निघतात कारण पहाटे बर्फ कडक असतो. ऊन चढलं की तो मऊ होतो, पाय रुततात, उतार बेभरवशाचा होतो. चाल अशी: मागचा गुडघा सरळ करून भार हाडावर टेकवायचा, एक श्वास, मग पुढचं पाऊल. दोन लिटर पाणी, त्यातलं निम्मं थर्मासमध्ये गरम. पाइपची पिशवी नको, नळी गोठते. बाटली मोज्यात घालून उलटी ठेवा, पाणी वरून गोठत येतं आणि बूच मोकळं राहतं. भूक लागणार नाही तरी दर पाऊण तासाला दोन घास: गूळपापडीचे छोटे तुकडे, खजूर, खारे शेंगदाणे. कळसूबाईवर जे पोटाला चाललं तेच न्या, नवीन काही नको.

आणि परतण्याची वेळ बेस कॅम्पवरच, शांत डोक्याने ठरवा. सकाळी दहा, समजा. दहा वाजता माथा समोर शंभर मीटरवर असला तरी वळायचं, कारण पुढचे पाच-सहा तास उतरायचं आहे आणि अपघात बहुतेक उतरताना होतात. 'काय तोंड दाखवू' ही तुमची भीती मला पत्रात सगळ्यांत जास्त खटकली, कारण ती त्या दहा वाजता तुमच्या सोबत असेल. तिच्यावर आत्ताच उपाय करा. ज्यांना शिखराचं सांगितलं आहे त्यांना वेळही सांगा: "दहापर्यंत पोचले तर ठीक, नाहीतर परत." मग परतणं म्हणजे शब्द पाळणं होईल. सासूबाईंनाही हेच सांगा. त्यांच्या विरोधामागे बहुधा एकच प्रश्न आहे, काही झालं तर काय, आणि तो अगदी रास्त आहे. त्यांना एका कागदावर लिहून द्या: रोजचा मुक्काम, आयोजकाचा आणि लेहच्या रुग्णालयाचा नंबर, किती दिवस फोन लागणार नाही, आणि साडेसहा हजार मीटरपर्यंत चढाई व हेलिकॉप्टर सुटका स्पष्ट लिहिलेला विमा. साधा प्रवास विमा बहुधा इतक्या उंचीवरची चढाई वगळतो. अटींचा कागद वाचून घ्या.

आयोजकाला या आठवड्यात पाठवायचे प्रश्न: प्रत्येक रात्र किती मीटरवर? राखीव दिवस कुठे? बर्फावर किती जणांमागे एक गाइड आणि त्याचं शिक्षण कुठलं? एकाला खाली न्यायचं झालं तर त्याच्यासोबत कोण जाईल, आणि उरलेल्यांसोबत कोण? ऑक्सिजन सिलिंडर किती, कुठल्या मुक्कामापर्यंत? सॅटेलाइट फोनला आपल्याकडे सरकारी परवानगी लागते, मग संपर्काची सोय काय? इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनचा परवाना कोणाच्या नावे? पोर्टरांचा विमा आहे का? उत्तरं लेखी मागा. 'मॅडम, टेन्शन घेऊ नका' हे उत्तर आलं तर पैसे भरू नका.

रक्ताची तपासणी सोमवारी करून टाका. येत्या रविवारी, फक्त आजची गती कळावी म्हणून, बारी गावाहून कळसूबाईला पाच लिटर पाणी घेऊन, नाकाने श्वास घेता येईल एवढ्याच गतीने जा आणि माथ्यावर पोचायला लागलेला वेळ वहीत लिहून ठेवा. मार्चमध्ये तोच आकडा तुम्हाला पुन्हा लागेल.